एका बाईचा दोरा

आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत शिरलं की डाव्या हाताला काचेच्या चौकटीत एक तक्ता टांगलेला आहे. पाटीवर एका घराचा नकाशा, नकाशात जागोजागी टाचण्या आणि टाचण्यांभोवती गुंडाळत गेलेला लाल दोरा. सातपुड्यातली एक गृहिणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी किती चालते, ते खाली सुबक अक्षरात लिहिलंय. दरवर्षी नव्या मुली येतात, दोऱ्याकडे बघतात आणि ‘अरे बाप रे, बिचारी’ म्हणतात. तो तक्ता खोटा आहे. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण तो मी केलाय आणि ती बिचारी माझी आई आहे.

मी आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास असेल तेवढा वेळ मी प्राध्यापक आणि घंटा झाली की कुणी नाही. ‘कार्य सुलभीकरण’ हे प्रकरण माझ्याकडेच असतं. तक्त्याकडे पाठ करून उभी राहते आणि शिकवते. तो काढून टाका असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. म्हणायला गेले तर कारण सांगावं लागेल.

गृहविज्ञान मी आवडीनं घेतलं नव्हतं. आश्रमशाळेतून बारावी झाले तेव्हा जिथे मुलींच्या वसतिगृहात जागा शिल्लक होती तिथे प्रवेश घेतला, एवढाच माझा कल. खाली सपाटीवरचं कॉलेज, ऊस आणि केळीच्या मधोमध. पहिल्या वर्षी आहार आणि शिवणकाम झालं. दुसऱ्या वर्षी कुटुंबाचं अर्थशास्त्र, ग्राहकाचे हक्क आणि साधनसंपत्तीचं व्यवस्थापन आलं आणि माझं डोकं फिरायला लागलं. पुस्तकातल्या गृहिणीला ओटा होता, शेगडी होती, फ्रीज होता आणि ह्या तिघांचा मिळून एक त्रिकोण होता. त्या त्रिकोणात तिची पावलं कमी कशी करायची हे आम्ही पाठ करायचो. आमच्या घरात एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात बकऱ्या आणि मधे आम्ही. त्रिकोण आमचाही होता, पण तो परीक्षेत येत नव्हता.

ग्राहक राजा असतो, त्याला निवडीचा हक्क असतो, तक्रारीचा हक्क असतो, हेही तिथेच शिकले. मोलगीच्या बाजारात आईचा आमचूर मुठीत घेऊन, नाक मुरडून, काळा पडलाय म्हणून भाव पाडणारा व्यापारी मला आठवायचा. वर्गात मी हे बोलले तर मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. ‘ती विक्रेती झाली बेटा, आपण ग्राहकाचं बघतोय,’ म्हणाल्या.

ह्या मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर माझा राग सोपा झाला असता. त्या बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, नेमक्या वेळेवर वर्गात येणाऱ्या. प्रयोगाचा दोरा आणि टाचण्या स्वतः विकत आणायच्या. त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं, बाकी बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं तसं. साधनसंपत्तीचं प्रकरण शिकवताना त्यांनी फळ्यावर दोन रकाने केले होते, मानवी साधनं आणि अमानवी साधनं. वेळ, शक्ती, कौशल्य एकीकडे. पैसा, वस्तू, जमीन दुसरीकडे. मी हात वर करून विचारलं, शेजारी कुठल्या रकान्यात लिहायचे? मॅडमनी एकदा फळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘तो समाज झाला. तो पेपर वेगळा.’

मी शेजाऱ्यांचं का विचारलं ते सांगायला हवं. आमच्याकडे लाह असते. घर उभं करायचंय, शेत निंदायचंय, कैऱ्यांचा ढीग पडलाय आणि आमचूर कापायचाय, असं एका घराला न झेपणारं काम निघालं की ते घर लाह बोलावतं. वस्तीतल्या घराघरातून माणूस येतो. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. काम झालं की बोलावणाऱ्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, आणि पुढे त्यांच्या लाहेला आपण जायचं. हे कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. माझा बाप मी सातवीत असताना गेला. दोघी थोरल्या बहिणी लग्न होऊन लांबच्या पाड्यांवर. तेव्हापासून दरवर्षी पावसाआधी आमचं छप्पर शाकारलं गेलं ते लाहेवर. आईला स्वतः कधी कौलांवर चढावं लागलं नाही, कारण वस्तीत कुणाचीही लाह निघाली आणि आई गेली नाही असं झालंच नव्हतं. आमचं छप्पर तिच्या ह्या जाण्यावर टिकून होतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकीला एका घराचा वेळ आणि हालचालींचा अभ्यास करायचा होता. पद्धत अशी, की घराचा नकाशा पाटीवर चिकटवायचा. चुलीशी, उंबऱ्याशी, पाण्याच्या हंड्यांशी एकेक टाचणी. बाई जशी फिरेल तसा दोरा ह्या टाचणीवरून त्या टाचणीवर न्यायचा, दिवस संपला की दोरा सोडून मोजायचा. मग कुठली टाचणी कुठे हलवली तर दोरा आखूड होईल ते सुचवायचं, की झाली सुधारणा. बहुतेक मुलींनी कॉलेजजवळच्या लोणखेड्यातली घरं धरली, चालत जाण्यासारखी. मॅडमना मात्र एक तरी डोंगरातलं घर हवं होतं. विद्यापीठात असा अभ्यास कुणी केलेला नाही, असं त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. पहिल्या वर्गात पास झाले तर पुढे शिकता येईल आणि इथेच चिकटता येईल, असा माझा हिशेब होता. तो बरोबर निघाला, हेच वाईट.

आईकडे फोन नव्हता. शेजारच्या म्हातारीच्या सुनेकडे होता, तोही टेकडावर चढलं की लागायचा. आईला त्यावर बोलावून घेतलं आणि सांगितलं, आमच्या मॅडम आणि मुली येणार आहेत, तुझं काम बघायला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आईनं विचारलं, बघून काय करणार? म्हटलं, लिहून घेणार. हात लावणार नाहीत? म्हटलं, नाही. ती बरं म्हणाली. तू रोज करतेस तेच कर, एवढं मी सांगितलं. एकटीनं कर, हे सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. तीन वर्षं पुस्तकातली ती एकटी गृहिणी बघून बघून मला ती खरी वाटायला लागली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दिवस होते. अंधारातच जीप निघाली, तळोदा, अक्कलकुवा करत घाट चढून मोलगीच्या पुढे आमच्या पाड्यावर पोचली तेव्हा ऊन अंगावर येत होतं. जीपमध्ये मॅडम, मी, वर्गातल्या दोन मुली आणि माझी खोलीतली मैत्रीण. ही मैत्रीण सपाटीवरच्या कोरीट गावची, शेतकऱ्याची पोर, घरात आणि वसतिगृहातही अहिराणीच बोलायची. पाटी, दोरा आणि टाचण्या तिच्या मांडीवर होत्या.

आई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. अंगण सारवलेलं. आंब्याखाली कैऱ्यांचा एवढा ढीग, की मला नवल वाटलं, कारण आमचं एकच झाड आहे. मॅडमनी हात जोडले, मग घड्याळ सुरू केलं. आई दोन हंडे घेऊन झऱ्याकडे निघाली. कोरीटवालीनं पहिली टाचणी धरून दोरा सोडला. आई झऱ्यावरून आली तेव्हा तिच्या डोक्यावर एकच हंडा होता. दुसरा शेजारच्या म्हातारीच्या डोक्यावर. तिच्या मागे तिची सून, सुनेच्या मागे आणखी तिघी, आपापले विळे कमरेला खोचून. मी मोजत गेले. ऊन झाडाच्या शेंड्यावरून उतरेपर्यंत सतरा बाया अंगणात होत्या. कुणी झाडत होतं, कुणी बकऱ्या सोडत होतं, दोघी जात्याला लागल्या होत्या, बाकीच्या कैऱ्यांच्या ढिगाभोवती बसून सोलायला लागल्या. काप खडकावर वाळत पडायला लागले.

कोरीटवाली दोरा हातात धरून ह्या बाईकडून त्या बाईकडे बघत होती. शेवटी माझ्याकडे वळली. ‘आते दोरा कोणा मांगे फिरावू?’

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी घड्याळ बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. मी आईला बाजूला ओढलं आणि जोरातच विचारलं, ह्या सगळ्या कशाला आल्या? आईला माझा राग कळला नाही. ती आमच्या बोलीत म्हणाली, मराठीत ते असं होईल: ‘काम बघायला येतात म्हणालीस ना? एका बाईचं काम काय बघायचं?’

तिनं लाह बोलावली होती. पोरीच्या कॉलेजची माणसं दिवसभर काम बघायला इतक्या लांबून येतात, तर काम बघण्यासारखं नको का, पोरीची लाज राहायला नको का, असं तिनं घरोघर जाऊन सांगितलं होतं. कैऱ्याही तीन घरच्या आणून टाकल्या होत्या. त्या सतरा बाया माझ्यासाठी आल्या होत्या.

मॅडम मला म्हणाल्या, ह्यांना सांग, आज थोडं बाजूला बसा, आम्हाला फक्त तुझ्या आईचं बघायचंय. मी म्हातारीला सांगितलं. तिचा विळा थांबला नाही. ‘बसायला आलो नाही,’ ती म्हणाली. मग मॅडमकडे आणि त्या दोन मुलींकडे हनुवटीनं दाखवून, ‘त्यांना सांग, विळे आणखी आहेत.’ मॅडमनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, थोड्या वेळात जातो म्हणतात. माझ्या खोटेपणाची ती सुरुवात. इतकी सोपी गेली, की पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी शाळेत शिकले होते, त्या दिवशी ती अंगावर घेऊन उभी होते. सतरा बाया कामाला वाकलेल्या आणि आम्ही पाच जणी ताठ उभ्या, हातात पेन. निरीक्षकानं हस्तक्षेप करायचा नसतो, हे मॅडमनी जीपमध्ये दोनदा सांगितलं होतं. कोरीटवालीला ते फार वेळ जमलं नाही. तिनं पाटी भिंतीला टेकवली, ओढणी कमरेला बांधली आणि म्हातारीशेजारी बसून कैऱ्या सोलायला लागली. मॅडमनी तिला हाक मारली. ‘येस मॅडम, हाई ढिगला उरकाडीसन येस,’ म्हणाली आणि उठली नाही. मला तिचा संताप आला. माझं अंगण, माझी आई, माझी माणसं, आणि ही उपरी तिथे हात चालवतेय. मीही बसू शकले असते. मी मॅडमशेजारी उभी राहिले, कारण गुण मॅडम देणार होत्या.

दुपार व्हायच्या आत सगळं उरकलं. एरवी आईला आठ दिवस पुरलं असतं असं काम, आणि आमच्या पाटीवर तीन टाचण्यांभोवती दोऱ्याचा गुंता. आता जेवण. लाह झाली की जेवण हे ठरलेलंच, त्याची तयारी आईनं केली होती. दोन कोंबड्या शिजत होत्या. भाकरीचं पीठ बायांनीच दळलं होतं. डाळीला मात्र घरातले उडीद पुरेनात, कारण आम्ही पाच जणी येऊ हे आईच्या हिशेबात नव्हतं. आई आत गेली. मी मागोमाग गेले. तिनं आढ्याला टांगलेला वाळका भोपळा खाली घेतला, त्याचं राखेनं लिंपलेलं तोंड फोडलं आणि सूप पुढे ओढलं. ते पेरणीचे उडीद होते. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. ती सुपात उडीद पाखडत राहिली. मी बाहेर आले.

आमच्यात लाहेचं जेवण एका पंगतीला असतं, पळसाच्या पानावर, ज्यानं काम केलं तो बसतो. पाहुणा वेगळा. त्याला आधी वाढायचं, बाजूला बसवून, घरात असेल ते चांगलं भांडं देऊन. आमच्या घरात स्टीलचं ताट एकच होतं. ते मॅडमपुढे आलं. त्या दोन मुलींना आणि मला मॅडमच्या बाजूला बसवलं, मी दुभाषी होते ना. कोरीटवाली बायांच्या पंगतीला बसली होती, हात मनगटापर्यंत कैरीच्या चिकानं काळे. मॅडमनी डाळ दोनदा मागून घेतली. किती चव आहे, म्हणाल्या. तुझ्या आईला कृती विचारून ठेव.

जेवल्यावर त्यांनी मला जीपजवळ नेलं. आवाज मऊ होता. हा आजचा दिवस अभ्यासासाठी धरता येणार नाही. पुन्हा जीप मिळणार नाही. मग त्यांनी विचारलं, एरवी रोजचं घरकाम आई एकटीच करते ना? मी म्हटलं, हो. मग एकटीचं लिही, त्या म्हणाल्या, त्यात खोटं काय? आजही त्या वाक्यात खोटं काय ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही, एवढं ते सरळ होतं. निघताना त्या आणखी म्हणाल्या, की जेवणाची नोंद मात्र घे, ‘आतिथ्यावरील अनियोजित खर्च’ ह्या मथळ्याखाली. नियोजनाचा अभाव दाखवायला चांगलं उदाहरण आहे. तेव्हा बोलायला हवं होतं. मी वहीत लिहून घेतलं.

आईला कॉलेजतर्फे झाकणाची एक प्लास्टिकची बादली दिली आणि फोटो काढला. जीप सुरू झाली तेव्हा आई माझ्या खिडकीपाशी आली. लाह तुझी होती, ती म्हणाली. आता ह्यांच्यापैकी कुणाची निघाली की तुला यावं लागेल, मी गेलेलं चालणार नाही. पहिली लाह म्हातारीचीच असणार होती, तिचं छप्पर शाकारायचं होतं. निरोप आला की ये. मी म्हटलं, येते. म्हातारी तिच्या मागेच उभी होती. तिनं ऐकलं.

वसतिगृहात रविवारी दुपारी मी नवी पाटी घेतली, आमच्या घराचा नकाशा चिकटवला आणि आईला एकटीला दिवसभर फिरवलं. चुलीकडून उंबऱ्याकडे, उंबऱ्याकडून झऱ्याकडे, झऱ्याकडून कैऱ्यांकडे. तिला दमवायचंच होतं, म्हणून चार फेऱ्या जास्तच घातल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कोरीटवाली खाटेवर पडून बघत होती. म्हटलं, बघू नको अशी. ती म्हणाली, ‘मन्ही वहिनीना दोरा बी मी असाच खोलीमा बसीसन फिरावा. पन ती एकलीच व्हती.’

पुढे शिफारशीही लिहिल्या. चुलीला ओटा करावा. पाण्यासाठी चाकाची गाडी वापरावी. आमच्या झऱ्याच्या वाटेवर बकरी घसरते.

मे महिन्यात म्हातारीच्या सुनेचा फोन आला. शनिवारी लाह आहे. त्याच शनिवारी माझी तोंडी परीक्षा होती, बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. दोन दिवस मी त्यावर रडले, नशिबाला शिव्या दिल्या, विद्यापीठाला दिल्या. सगळं केलं, फक्त मॅडमच्या खोलीत जाऊन दिवस बदलून मागितला नाही. काय सांगणार होते? घर शाकारायला जायचंय? ज्या बाईला मदतीला कुणी नाही असा पाऊण इंच जाड प्रबंध मी लिहिलाय, तिच्या शेजारणीचं छप्पर शाकारायला? नंतर कळलं, वर्गातल्या दोघींनी बहिणीचं लग्न म्हणून दिवस बदलून घेतला होता. मॅडमनी एका शब्दानं दिला. मलाही दिला असता. म्हणून त्यांच्यावर राग काढायची माझी सोयच उरली नाही, तरी मी काढते.

परीक्षक बाई प्रेमळ होत्या. त्यांनी तक्ता हातात घेतला, दोऱ्यावरून बोट फिरवलं, फोटोतल्या आईकडे बघितलं. ‘हिच्या मदतीला कुणीच नाही का हो?’

मी म्हटलं, ‘नाही मॅडम. एकटीच असते.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हणतात तशी. त्याच वेळी वर डोंगरात म्हातारीच्या कौलांखाली सोळा बाया आणि माझ्या जागेवर माझी आई उभी होती, हातोहात कौलं वर देत. तिनं स्वतःच सांगितलं होतं की तिनं गेलेलं चालणार नाही. तरी ती गेली, कारण जागा रिकामी ठेवणं तिला जमलं नाही.

पहिला वर्ग मिळाला. तक्ता चौकटीत गेला. मी जूनच्या तोंडावर घरी गेले, कारण आमचंच छप्पर शाकारायचं राहिलं होतं. घाट चढत होते. लोक येतील का, एवढंच डोक्यात होतं. नाही आले तर पावसात आई उघडी पडणार आणि तो अपराध सरळ माझ्या डोक्यावर. वस्तीवर पोचले तर कुणी वाईट बोललं नाही. कशी आहेस, कधी आलीस, सगळं नेहमीचं. म्हातारीनं पेरणीपुरते उडीद आईकडे आणून दिले होते, फडक्यात बांधून. मी आईला विचारलं, उद्या येतील का? ती म्हणाली, माझ्या लाहेला का येणार नाहीत?

आले. पुरुष कौलांवर चढले, बाया खाली ओळीत. सतराच्या सतरा. मी शिडीपाशी जाऊन ओळीत उभी राहिले, म्हातारीच्या आणि तिच्या सुनेच्या मधे, आणि कौल घ्यायला हात पुढे केला. कौल माझ्या हातावरून पलीकडे गेलं. मला वाटलं चुकून झालं. पुन्हा हात केला. पुन्हा ते वरून गेलं, सुनेच्या हातात. म्हातारीनं मला दंडाला धरलं, जोरात नाही, आणि ओळीतून बाहेर काढलं. रागावली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं, तेवढंच येतं.

‘तू बस,’ ती म्हणाली. ‘तू बघणारी.’

मग तिनं विचारलं, ती पाटीवाली नाही आली का? तिचा हात चांगला होता.

मी आईकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. ती कौलं मोकळी करत होती, तिनं मान वर केली नाही. मी आंब्याखाली जाऊन बसले. छप्पर दुपारच्या आत पुरं झालं, मागच्या वर्षीपेक्षा चांगलं. त्यांनी एक कौल कमी लावलं नाही. आईवर कुणाचा राग नव्हता. राग माझ्या एकटीवर काढायचा असेल तर कसा काढायचा, ते त्यांना नीट येत होतं, आणि इतकी वर्षं शिकून मला ते येत नाही.

पंगत बसली. पळसाची पानं मांडली गेली, मी पाण्याचा हंडा उचलला, निदान वाढावं म्हणून. म्हातारीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सुनेला आत पाठवलं. सून स्टीलचं ताट घेऊन आली. धुऊन, पुसून. बाजूला, आंब्याच्या मुळाशी, तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. डाळ वाढली, भाकरी वाढली, कोंबडीचा चांगला तुकडा वाढला. पंगतीतल्या कुणीही अजून घास घेतला नव्हता. सगळ्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, कारण पाहुण्यानं सुरुवात केल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही.

आईही थांबली होती. मी घास घेतला.